ऑर्डिनन्स की ऑर्डनन्स? अंबरनाथच्या कारखान्याचं नाव आणि शस्त्रांचे शब्द

शहाड आणि अंबरनाथ ही उल्हासनगरच्या दोन बाजूंची गावं. शहाड कसाऱ्याच्या लाइनवर, अंबरनाथ कर्जतच्या. एकाहून दुसऱ्याकडे जायचं तर कल्याणला गाडी बदलावी लागते. तरीही शहाडमधल्या जुन्या माणसाला ‘तुम्ही कामाला कुठे होता?’ असं विचारलं, तर ठरलेल्या दोन-तीन उत्तरांपैकी एक यायचं. सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी, नाहीतर ‘ऑर्डिनन्स’. ऑर्डिनन्स म्हणजे अंबरनाथचा दारूगोळ्याशी संबंधित सरकारी कारखाना. मराठी-हिंदी पाटीवर त्याचं नाव ‘आयुध निर्माणी’, पण बोलताना ते कुणी वापरल्याचं ऐकलं नाही.

इंग्रजी माध्यमात शिकलेली नातवंडं आजोबांना सुधारतात. शब्द ‘ऑर्डनन्स’ आहे, मधला ‘डि’ नको. ऑर्डनन्स म्हणजे तोफा आणि दारूगोळा, ऑर्डिनन्स म्हणजे सरकारचा वटहुकूम. शब्दकोश उघडला तर नातवंडं बरोबर ठरतात. शब्दाचा इतिहास उघडला तर मात्र आजोबांची बाजू भक्कम निघते. हे दोन शब्द मुळात एकच होते. ‘ऑर्डनन्स’ हे ‘ऑर्डिनन्स’चंच घाईत उच्चारलेलं, एक स्वर गिळलेलं रूप आहे. अंबरनाथचा कामगार नकळत त्या शब्दाचं मूळ रूप बोलत होता.

तोफेला ‘वटहुकूम’ का म्हणावं? प्रश्न विचित्र वाटतो, पण त्याचं उत्तर शस्त्रांपेक्षा सत्तेबद्दल जास्त सांगतं. शिवाय आपल्या काळात, २०२१ साली, हे दोन जुळे शब्द पुन्हा समोरासमोर आले. तेव्हा तो फक्त उच्चाराचा प्रश्न राहिला नव्हता.

मागापासून मोर्चापर्यंत

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘ओर्दो’ म्हणजे ओळ, रांग, क्रम. व्युत्पत्तीकार त्याचा संबंध ‘ओर्दिरी’ या क्रियापदाशी जोडतात. त्याचा अर्थ मागावर ताणा लावणं, म्हणजे विणायला सुरुवात करणं. कल्याणच्या खाडीपलीकडे भिवंडीत ज्यांचं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं, त्या मोमीन-अन्सारी घरांना हे लगेच कळेल. आधी उभे धागे एका ओळीत, एका ताणात बसवायचे, मग बाणा घालायचा. ओळ चुकली की कापड गेलं. माणसाला ‘व्यवस्था’ ही कल्पना बहुधा अशाच एखाद्या कामातून सुचली असावी.

या ओर्दोचं गोत मोठं आहे. आपण रोज वापरतो ती ‘ऑर्डर’ त्यातलीच. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणारा ‘अर्दली’ हाही ‘ऑर्डरली’चा मराठी अवतार. फ्रेंचमध्ये ‘ऑर्दोनान्स’ म्हणजे राजाचा हुकूम, आणि आजही डॉक्टरने लिहून दिलेली औषधांची चिठ्ठी. दोन्हींत भाव तोच: वरच्याने लिहून दिलं, खालच्याने तसं करायचं.

याच फ्रेंच रूपाने युद्धात शिरकाव केला. १४४५ मध्ये फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याने हुकूम काढून कायम पगारावरच्या घोडदळाच्या तुकड्या उभ्या केल्या. तोवर युद्ध आलं की सरदार आपापली माणसं घेऊन यायचे आणि संपलं की लुटालूट करत घरी जायचे. नव्या तुकड्या राजाच्या हुकमाने बांधलेल्या होत्या, म्हणून त्यांना हुकमाचंच नाव मिळालं, ‘ऑर्दोनान्सच्या कंपन्या’. इंग्लंडमध्ये शब्दाने थोडी वेगळी वाट धरली. युद्धासाठी जी मांडामांड करावी लागते, म्हणजे धान्य, गाड्या, बाण, दारू, तोफा, त्या सगळ्या तयारीला ‘ऑर्डिनन्स’ म्हणू लागले. हळूहळू अर्थ आक्रसत तोफांपुरता उरला. सतराव्या शतकापर्यंत स्पेलिंगही वेगळं झालं: हुकमासाठी लांब रूप, तोफांसाठी आखूड.

लंडनच्या टॉवरमध्ये या खात्याचं ठाणं होतं. तिथलं ‘बोर्ड ऑफ ऑर्डनन्स’ १८५५ पर्यंत चाललं. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याच्या पुरवठ्याचे जे हाल झाले, त्यानंतर ते गुंडाळण्यात आलं. जाता जाता एक गंमत. ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याला आजही ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ म्हणतात. तोफा कुठे लावायच्या हे ठरवायला नकाशे लागत, म्हणून १७९१ पासून ते काम या बोर्डाकडे होतं. डोंगरात फिरायला निघालेला इंग्रज तोफखान्याचा नकाशा खिशात घालून हिंडतो आणि त्याला त्याची खबरही नसते.

चेंडू, दाणा, गांधीलमाशी

आता हा शब्द शस्त्रांच्या इतर नावांशेजारी ठेवून पाहू.

‘तोफ’ तुर्की ‘टोप’वरून आली. टोप म्हणजे गोल वस्तू, चेंडू. तुर्कस्तानात आजही फुटबॉलच्या चेंडूला टोपच म्हणतात. इस्तंबूलमध्ये ‘टोपहाने’ नावाची वस्ती आहे, उस्मानी सुलतानांच्या तोफा जिथे ओतल्या जात ती. आमच्या अहमदनगरात ‘तोफखाना’ नावाचा भाग आहे. हजारो कोसांवरची दोन शहरं, पण मोहल्ल्याचं नाव एक.

‘बंदूक’ अरबी. ‘बुंदुक’ म्हणजे एक कवचाचं फळ, हेझलनट. अरबांकडे हा शब्द ग्रीकांकडून आला, काळ्या समुद्राकाठच्या पोंटसचं फळ म्हणून. त्या फळाएवढी मातीची गोळी धनुष्यातून मारत, म्हणून गोळीला बुंदुक म्हणू लागले, आणि पुढे ती मारणाऱ्या हत्यारालाही. तेराव्या शतकात इजिप्तवर राज्य करणाऱ्या सुलतान बैबर्सचं उपनाव ‘बुंदुकदारी’ होतं. त्याच्या काळी आजची बंदूक अस्तित्वातच नव्हती. शब्द हत्याराच्या आधी जन्मला आणि त्याची वाट पाहत थांबला. उंटाच्या पाठीवरून उडवायच्या छोट्या तोफेला फारसीत ‘जंबूरक’ म्हणत, म्हणजे छोटी गांधीलमाशी. जवळून गोळा गेल्यावर जो आवाज येतो तो ऐकलेल्या कुणीतरीच हे नाव दिलं असणार.

युरोपातही सामान्य सैनिकाचे शब्द असेच आहेत. ‘कॅनन’ म्हणजे पोकळ बोरू, वेताची नळी. आपण नळीवरूनच ‘सुतरनाळ’ म्हणतो. ‘ग्रेनेड’ म्हणजे डाळिंब, कारण आत दाणे भरलेले. आपल्याकडे दारूकामातल्या एका प्रकाराला ‘अनार’ म्हणतात, तीच उपमा. आणि ‘गन’? तो शब्द बहुतेक अभ्यासक एका बाईच्या नावावरून आल्याचं मानतात. १३३०-३१ च्या सुमाराच्या विंडसर किल्ल्याच्या यादीत एका प्रचंड धनुर्यंत्राची नोंद ‘बाईसाहेब गुनिल्डा’ अशा नावाने आहे. नॉर्स भाषेतल्या ‘गुनहिल्ड’ या नावाचे दोन्ही तुकडे ‘युद्ध’ याच अर्थाचे.

चेंडू, फळ, गांधीलमाशी, बोरू, डाळिंब, बाई. ही सगळी नावं ज्यांनी हत्यार हाताळलं, ओतलं, ओढलं, किंवा त्याला घाबरून मान खाली घातली, त्यांनी दिलेली आहेत. ‘ऑर्डनन्स’ला मात्र आकार नाही, आवाज नाही, वास नाही. तो कचेरीत जन्मलेला शब्द आहे. त्यात तोफ दिसत नाही, तोफ कुणाच्या हुकमाने कुठे ठेवायची हे दिसतं.

दख्खनचे ओतारी

आपल्याकडे तोफ ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलेलं सापडतं. विजापूरच्या बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ अनेकांनी पाहिली असेल. तिचं वजन सुमारे ५५ टन भरतं आणि तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह आहे. ती विजापूरची म्हणून ओळखली जाते, पण ती ओतली १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीत. ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी. ‘रूमी’ म्हणजे रूमचा, उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये विजापुरात आली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपलाही लेख कोरून घेतला. बादशहाला तोफेवर आपलं नाव हवं होतं. ओताऱ्याचं तिथे आधीपासूनच होतं, आणि ते पुसलं गेलं नाही.

तंत्र तुर्कांकडून, पोर्तुगीजांकडून, फ्रेंचांकडून आलं. हात इथले आणि बाहेरचे, दोन्ही. मराठ्यांचा तोफखाना म्हटला की पेशवाईतले पानसे आठवतात, तसाच इब्राहिमखान गारदी आठवला पाहिजे. निजामाच्या चाकरीत फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला हा माणूस नंतर पेशव्यांकडे आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंचा तोफखाना आणि कवायती पलटणी त्याच्याकडे होत्या. तो जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. ‘गारदी’ हा शब्दसुद्धा फ्रेंच ‘गार्द’वरून आल्याचं मानतात, म्हणजे पहारेकरी. बारा वर्षांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनाने त्या शब्दावर कायमचा डाग पडला आणि पानिपतचा गारदी लोकांच्या स्मरणात मागे पडला.

मराठीतले फारसी-अरबी शब्द बाहेर काढायची हौस अधूनमधून उफाळून येते, म्हणून इथे थोडं थांबतो. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध केला. सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय, आणि त्यात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्ग. राज्य आपलं, तर कारभाराची भाषाही आपली हवी, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. पण पुढची बखर उघडा. तोफ तोफच आहे, बंदूक बंदूकच, दारूगोळा दारूगोळाच. कारण दरबारात कोश असला तरी बुरुजावर गोलंदाज होता, आणि त्याला घाईच्या वेळी तोंडात बसलेला शब्दच सुचायचा. त्या गोलंदाजाची जात-धर्म शब्दाने कधी विचारली नाही. ‘वटहुकूम’ हा शब्दच बघा. त्यातला हुकूम अरबी. तो काढून टाकायचा तर सरकारला ‘अध्यादेश’ म्हणावं लागतं, आणि छापील बातमीत तसं लिहिलंही जातं. पण घरात कुणी फार रुबाब केला तर आपण ‘वटहुकूम काढू नकोस’ असंच म्हणतो.

दमदमा

कंपनी सरकारने आपलं कचेरीचं नाव सोबतच आणलं. १७७५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये ‘बोर्ड ऑफ ऑर्डनन्स’ स्थापन झालं. १७८७ मध्ये इशापूरला बारुदीचा कारखाना, १८०१ मध्ये काशीपूरला तोफगाड्यांचा. काशीपूरचं उत्पादन १८ मार्च १८०२ रोजी सुरू झालं, म्हणून १८ मार्च हा दिवस अंबरनाथपासून अवाडीपर्यंतच्या कारखान्यांत ‘ऑर्डनन्स फॅक्टरी डे’ म्हणून पाळला जाऊ लागला. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा.

तोफा ओढायला, गोळे वाहायला कंपनीने जे हमाल ठेवले त्यांना ‘गन लास्कर’ म्हणत. लास्कर म्हणजे आपलं ‘लष्कर’च. फारसीत पूर्ण सैन्य असा अर्थ असलेला शब्द साहेबाच्या तोंडी सर्वांत खालच्या हमालाचं नाव झाला.

कलकत्त्याजवळ कंपनीच्या तोफखान्याचं आणखी एक ठाणं होतं, डमडम. नाव ‘दमदमा’वरून आलं. दमदमा म्हणजे मातीचा उंचवटा, ज्यावर तोफ चढवतात तो. मराठी बखरींतही वेढ्याच्या वर्णनात दमदमे येतात. म्हणजे मूळ शब्द पुन्हा हाताने माती टाकणाऱ्यांचा. या डमडमच्या दोन गोष्टी जगाच्या इतिहासात गेल्या.

पहिली जानेवारी १८५७ ची. तिथल्या दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्या एका खालच्या मानलेल्या जातीच्या खलाशाने एका उच्चवर्णीय शिपायाच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने जात काढली. तेव्हा खलाशी म्हणाला की, थांब जरा, नवीन काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावतात, ती दाताने तोडायची वेळ आली की तुझी जात राहते का बघू. ही गोष्ट छावण्यांतून पसरत गेली. १८५७ च्या उठावाची पुस्तकं बहुतेकदा शिपायांपासून सुरू होतात. मला तो खलाशी जास्त महत्त्वाचा वाटतो. काडतुसात काय आहे हे छावणीच्या आधी कारखान्याला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट चाळीस वर्षांनंतरची. १८९६-९७ च्या सुमारास डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली एक नवी गोळी बनली. तिच्या टोकावरचं धातूचं आवरण उघडं ठेवलेलं होतं, त्यामुळे आतलं शिसं शरीरात शिरल्यावर पसरायचं आणि जखम भयंकर व्हायची. ती वायव्य सरहद्दीवर आफ्रिदी पठाणांविरुद्धच्या तिराह मोहिमेत वापरली गेली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा प्रस्ताव आला तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद असा होता की सुसंस्कृत शत्रू साधी गोळी लागली की थांबतो, रानटी शत्रू मात्र धावतच येतो, म्हणून त्याच्यासाठी ही गोळी हवी. बंदी झाली. ब्रिटनने त्यावर १९०७ पर्यंत सही केली नाही. इंग्रजी शब्दकोशात ‘डमडम’ हा आता एका क्रूर गोळीचा शब्द आहे. कलकत्त्याच्या एका वस्तीचं, मातीच्या ढिगाचं नाव असं जगभर बदनाम झालं आणि ज्यांच्या अंगात ती गोळी घुसली त्यांच्या भाषेत तिला काय म्हणत होते, हे विचारायची गरज हेगमध्ये कुणाला वाटली नाही.

अंबरनाथ, १९५३

स्वातंत्र्यानंतर हे खातं आपलं झालं. नाव तेच राहिलं. अंबरनाथला १९५३ मध्ये दोन कारखाने उभे राहिले: ऑर्डनन्स फॅक्टरी आणि यंत्र-हत्यारांचे नमुने घडवणारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. शेजारीच उल्हासनगर होतं. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या ‘कल्याण कॅम्प’च्या बराकींत सिंधहून आलेले निर्वासित राहत होते. त्या वस्त्यांना आजही लोक कॅम्प एक, कॅम्प तीन असंच म्हणतात. म्हणजे या सगळ्या पट्ट्याच्या बोलीत लष्कर मुरलेलं आहे.

ऑर्डनन्स फॅक्टरीचं काम मुख्यतः पितळ, तांबं, अॅल्युमिनियम या अलोह धातूंचं. काडतुसाच्या कवचासाठी लागणारे पितळी कप इथे बनतात. चपट्या वाटीसारखा दिसणारा हा कप दुसऱ्या कारखान्यात ओढून-ताणून लांब केला की त्याचं काडतूस होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं तिथे बॉम्ब बनतात. प्रत्यक्षात कामगाराच्या डोळ्यांसमोर दिवसभर वितळलेलं पितळ, पत्रा, दाबयंत्र आणि मोजमाप. आपण जे बनवतो ते शेवटी कुठे फुटणार, हे त्याला त्या वाटीत दिसत नाही.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून मराठीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिन कुळातला ‘कार्ता’ आहे, म्हणजे कागद. पूर्वी दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत गुंडाळत. डमडमच्या खलाशाने ज्याबद्दल सांगितलं ते काडतूस कागदाचंच होतं. चरबी त्या कागदाला होती. अंबरनाथचं पितळी झालं तरी नावात कागद तसाच राहिला.

या कारखान्याने अंबरनाथला वसाहत दिली, शाळा दिली, कायम नोकरी दिली. कायम नोकरी हे शब्द आज वाचताना किरकोळ वाटतील. शहाड-मोहन्यात ज्यांनी एनआरसीला २००९ मध्ये टाळं लागताना पाहिलं, थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, त्यांना ते किरकोळ वाटत नाहीत. खासगी गिरणी बंद पडते, सरकारी ‘ऑर्डिनन्स’ पडत नाही, असा या भागात विश्वास होता. मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा ऑर्डिनन्सला आहे म्हटलं की पुढचे प्रश्न कमी व्हायचे, मग घर मराठ्याचं असो, आगऱ्याचं, बौद्धाचं की मुसलमानाचं.

ऑर्डनन्सवर ऑर्डिनन्स

देशात असे ४१ कारखाने होते आणि त्यांच्यावर ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड. १६ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या करायला मंजुरी दिली. सरकारचं म्हणणं असं की जुनी रचना संथ आहे, कंपनी झाली की निर्णय पटापट होतील आणि निर्यात वाढेल. कामगारांचं म्हणणं असं की आज सरकारी कंपनी, उद्या भागविक्री, परवा खासगी मालक. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. लष्कराने दारूगोळ्याच्या दर्जाबद्दल केलेल्या तक्रारी खोट्या नव्हत्या, आणि सार्वजनिक कंपन्यांचं आपल्याकडे काय होतं हेही कामगारांनी स्वप्नात पाहिलेलं नव्हतं. याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये याच प्रश्नावर देशभर संप झाला होता. आता डाव्या, काँग्रेसी आणि संघपरिवारातल्या, अशा तिन्ही विचारांच्या महासंघांनी एकत्र येऊन २६ जुलैपासून बेमुदत संपाची हाक दिली. हे तिघे एका कागदावर सही करतात, असा प्रसंग आपल्या देशात रोज येत नाही.

संपाची तारीख उजाडायच्या आत, ३० जून २०२१ रोजी, राष्ट्रपतींच्या सहीने आवश्यक संरक्षण सेवांचा वटहुकूम निघाला. इंग्रजीत त्याच्या नावात शब्द होता ‘ऑर्डिनन्स’. ऑर्डनन्सच्या कामगारांवर ऑर्डिनन्स. संपात भाग घेतला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संपाला चिथावणी दिली तर दोन वर्षं आणि पंधरा हजार. संपाची व्याख्याही पसरट केलेली. सगळ्यांनी मिळून रजा टाकली तरी संप, ठरवून जादा वेळ काम नाकारलं तरी संप. ऑगस्टमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. हा देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, असं सरकारने सांगितलं. शांततेच्या काळात, करोनाच्या दुसऱ्या लाटेतून जेमतेम बाहेर पडलेल्या कामगारांना तुरुंगाची भीती घालून वाटाघाटी करणं मला तरी पटलेलं नाही. तिन्ही महासंघ बोलायला तयार होते. त्यांचं ऐकून घ्यायला वटहुकूम लागत नव्हता.

आणि शब्दाच्या बाजूने पाहिलं तर यात नवं काही घडलंच नव्हतं. सातव्या चार्ल्सच्या काळापासून त्या शब्दात हेच भरलेलं आहे. सशस्त्र माणसं आणि शस्त्रं बनवणारी माणसं राजाच्या हुकमाने एका ओळीत उभी करायची. मधल्या चार-पाचशे वर्षांत एक स्वर गळाला म्हणून दोन अर्थ दूर गेल्यासारखे वाटत होते.

१ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड बरखास्त झालं. १५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे शस्त्रपूजनाचा मुहूर्त साधून, सात कंपन्या देशाला अर्पण करण्यात आल्या. अंबरनाथच्या दोन भावंडांची ताटातूट झाली. ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेली आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईजवळच्या अवाडीतून चालणाऱ्या आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये. यंत्र इंडियात अंबरनाथबरोबर डमडमचाही कारखाना आहे. खलाशाचे आणि पितळी कपवाल्यांचे मालक आता एकच.

‘यंत्र’ हे नाव नवं वाटतं, पण तो जुनाच युद्धशब्द आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाने काय काय सांभाळायचं त्याची यादी आहे, आणि त्यात स्थिर यंत्रं व चल यंत्रं, म्हणजे एका जागी बसवलेली आणि हलवता येणारी युद्धयंत्रं, वेगवेगळी सांगितली आहेत.

संपबंदीच्या कायद्याला मंजूर होतानाच एका वर्षाची मुदत घातलेली होती, ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये भरली. कामगारांना सुरुवातीला दोन वर्षांसाठी कंपन्यांकडे ‘प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं’ गेलं आणि ती मुदत पुढे वाढवत नेण्यात आली. म्हणजे माणूस त्याच दरवाजातून आत जातो, त्याच यंत्रावर उभा राहतो, पण कागदावर तो सरकारचा आहे आणि कामाला दुसरीकडे आहे. आपण नक्की कुणाचे, हा प्रश्न सेवानिवृत्तीला पाच-सात वर्षं उरलेले लोक पगारपत्रक हातात घेऊन विचारतात.

सातही कंपन्यांच्या नावांत मात्र ‘ऑर्डनन्स’ हा शब्द कुठेही नाही. तो आता फक्त जुन्या पाट्यांवर, निवृत्तांच्या ओळखपत्रांवर आणि अंबरनाथच्या रिक्षावाल्यांच्या हाळीत आहे, आणि तिथेही बहुतेकदा तो मधल्या ‘डि’सकटच ऐकू येतो.